नागाक्काचे खाडे

“काय वाचलालीस गं एवढं? कुठल्या सिनेमाची जाहिरात हाय?”

नागाक्का मागून आली आणि माझ्या खांद्यावर हात टाकून तीही पाटीकडे बघू लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण कुणी कशाकडे टक लावून बघत असलं की तिला राहवत नसे.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात, फाटकातून आत गेल्याबरोबर, वॉचमनच्या खोलीच्या भिंतीवर पत्र्याची एक निळी पाटी ठोकलेली होती. बारीक छापील अक्षरं आणि मधूनमधून गंजाचे डाग. कारखान्याच्या कायद्याचा गोषवारा. सरकारनं लावायला सांगितली म्हणून लावलेली. ती कुणी वाचावी अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. मी मात्र कॉलेज सुटलं की एक वाजताच तिथे पोचायची, आणि दोनची घंटा होईपर्यंत मला दुसरा उद्योग नसायचा. वर्षभरात ती पाटी मी चार-पाच वेळा तरी वरून खाली वाचली असेल.

“कायदा आहे, अक्का.”

“आणि काय म्हणतोय?”

“वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केलं, की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा.”

“म्हंजे?”

“म्हणजे घरी बसायचं आणि पगार घ्यायचा.”

नागाक्का एवढ्यानं हसली की वॉचमननं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “ऐकलाव का वॉचमन? घरी बसून पगार म्हणे! पोरगी शिकून शिकून येडी झाली.”

हे नव्व्याण्णव सालचं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. मी सतरा वर्षांची, बारावी कॉमर्सला. दोन ते सात अशी अर्धी पाळी करायची, अर्ध्या पगारावर. टॉवेलच्या घड्या घालायच्या, लेबल लावायचं, डझनाचे गठ्ठे बांधायचे. हे काम मला नागाक्कानंच लावून दिलं होतं. ती आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नागमणी लिंबय्या येमुल. नवरा गेलेला, एकुलती लेक भिवंडीला दिलेली. अकरा वर्षं ती त्याच कारखान्यात टॉवेलच्या काठांना शिलाई मारत होती. घरात तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी. लेकीचं पत्र आलं की ते घेऊन ती माझ्याकडे यायची. मी वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची आणि मग उत्तर सांगायची. माझ्या तोंडून निघालेला शब्द तिला छापल्यासारखा वाटायचा. मलाही तो मान आवडायचा, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी पाटी वाचताना मी हसण्यावारी नेत नव्हते. माझं गणित झालेलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी बोर्डाची परीक्षा. पेपर अकरा ते दोन, म्हणजे पाळी बुडणार, आणि पेपरांच्या मधल्या दिवसांत अभ्यास करायचा तर तेही दिवस बुडणार. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आई विड्या वळायची. तिच्या विड्यांत किराणा निघायचा, माझ्या पगारात खोलीचं भाडं. आईनं स्पष्ट सांगितलं होतं, “परीक्षा दे, पण खाडा करायचा नाही. घरमालक परीक्षा बघत नाही.” शिवाय अक्कलकोटच्या मामानं एक स्थळ धरून ठेवलं होतं. तो दर महिन्याला येऊन विचारायचा, “मग? बारावीचं काय होतंय?” मी नापास झाले तर काय होईल हे त्याच्या विचारण्यातच होतं.

मी खिशातलं कॅलेंडर काढून दिवस मोजले होते. दोनशे बासष्ट. म्हणजे तेरा दिवस रजा. पेपर सहा, मधले दिवस सात. जणू कुणी माझ्यासाठीच मोजून ठेवले होते.

नागाक्काचं हसू थांबलं. जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, “आणि मला पण असतंय का गं हे?”

“तुला तर आधी.”

“मी वर्षात एक पण खाडा केला न्हाई.”

“माहीत आहे. कारखाना चालला दोनशे एकाहत्तर दिवस. तुझे साडेतेराच्या वर जातात, म्हणजे चौदा धरायचे.”

ती माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, “डॉक्टर म्हणतोय पिशवी काढून टाका. लई रगत जातंय. ऑपरेशन सिव्हिलमधी फुकट हाय, पण पंधरा दिस तरी पडून ऱ्हावं लागतंय. पडून ऱ्हायले तर खाणार काय, म्हणून मी ते डोक्यातनं काढलं व्हतं.” आणि पाटीवर जिथे माझं बोट होतं तिथे तिनं स्वतःचं बोट ठेवलं. “हितं लिवलंय का? हितंच?”

“इथंच.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी शेठकडे गेलो. अंबादासशेठ आवाज चढवणाऱ्यातले नव्हते. बायकांना ‘अक्का’ म्हणायचे, मला ‘बाळ’. समोर कायम ताकाचा ग्लास.

“शेठ, रजेचं विचारायचं होतं.”

“घे की. मी कधी नको म्हटलंय?”

“भरपगारी.”

शेठनी ग्लास खाली ठेवला. “बाळ, तू अर्ध्या पाळीची. अर्ध्या पाळीला कसली आलीय भरपगारी रजा?”

“पाटीवर तसं काही वेगळं लिहिलेलं नाही. दिवस मोजायचे असं लिहिलंय, तास नाहीत. पगार अर्धा तर रजेतही अर्धाच, पण तो मिळतो.”

“कुठली पाटी?”

“आपल्या फाटकावरची.”

शेठ मनापासून हसले. “लावली मीच. वाचली नाही कधी.” मग नागाक्काकडे वळून म्हणाले, “आणि अक्का, तुम्ही?”

“माझं पण तेच, शेठ. पोरीनं वाचून दावलं म्हणून आले. न्हाईतर मला काय कळतंय.”

“बघतो,” शेठ म्हणाले. “दोघींचं बघतो.”

बाहेर आल्यावर नागाक्कानं माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

तीन दिवसांनी शेठनी मला एकटीला बोलावलं. टेबलावर दोन वह्या होत्या. एक मळकी, कोपरे दुमडलेली, आणि एक कोरी, लाल कापडी पुठ्ठ्याची. आमचे दिवाणजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. मळकी वही त्यांची कच्ची हजेरी. रोज कोण आलं, कोण नाही, ते तिच्यात खरंखरं लिहिलेलं असायचं आणि त्यावरून दर शनिवारी पगार व्हायचा. लाल वही पक्की. ती वर्षाच्या शेवटी एकदम लिहायची आणि सरकारी साहेब तपासणीला आले की त्यांच्यापुढे ठेवायची. सगळ्या कारखान्यांत असंच चालतं, असं शेठनी मला एखादा धडा शिकवावा तसं सांगितलं.

“तुझं अक्षर छान आहे म्हणतात सगळे. पक्की वही तू लिही.”

“यातलं त्यात उतरवायचं ना?”

“उतरवायचं. तुझे दोनशे बासष्ट आहेत तसे उतरव. तुझे तेरा दिवस मंजूर. हे बघ, सही केली.” त्यांनी खरंच एक कागद पुढे केला. माझं नाव, तेरा दिवस, भरपगारी, खाली सही आणि शिक्का. “बाकीच्यांचे मात्र दोनशे चाळीसच्या आत ठेव.”

“कसे?”

“फुल्या मार. एका जागी नको, विस्कटून मार. सणाला, लग्नसराईत, पंचमीला. बायका सणाला खाडा करतातच, साहेबालाही ते पटतं. तीस बायका आहेत, बाळ. प्रत्येकीला पंधरा-पंधरा दिवस बसून पगार द्यायचा तर मला कारखाना विकावा लागेल. मग तुला तरी रजा कोण देणार?”

“नागाक्काला ऑपरेशन करायचंय.”

“तिला मी वेगळी मदत करीन. वहीत नको. एकीला दिलं की तीस जणी उभ्या राहतात.”

मी कागदाकडे बघत होते. शिक्क्याची शाई अजून ओली होती. मी म्हणाले, “कागद मी घेऊ का?”

“वही पूर्ण झाली की घे.”

मी तीन दुपारी दिवाणजींच्या काचेच्या खोलीत बसून लाल वही लिहिली. आणि मी ती वाईट लिहिली नाही, हे सांगितलंच पाहिजे. वाईट लिहिली असती तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. पण मला कुठलंही काम नीट करायची खोड. कुठल्या बाईच्या गावची जत्रा कधी, कुणाच्या भावाचं लग्न कधी झालं, कुणाचं पोर कधी तापानं आजारी होतं, हे घड्या घालता घालता माझ्या कानांवर पडलेलं असायचं. त्याप्रमाणे मी फुल्या मारल्या. शेठ मागे उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, “दिवाणजींना एवढं सुचत नाही.” मला, देवाशपथ, बरं वाटायचं.

नागाक्काचं पान शेवटी घेतलं. दोनशे एकाहत्तरचे दोनशे चौतीस करायचे होते. सदतीस फुल्या. तिच्या लेकीची पत्रं मीच वाचलेली. ती पंचमीला कधी आली, किती दिवस राहिली, गौरीला परत आली का, सगळं मला पाठ होतं. मी फुल्या तिथेच मारल्या. पंचमीच्या आठवड्यात सलग सहा. गौरी-गणपतीत पाच. उरलेल्या इकडे तिकडे. फुल्या मारता मारता मी मनाशी म्हटलं, शेठ वेगळी मदत करणारच आहेत, वहीत काय आहे, वही कोण वाचतंय.

वही मिटल्यावर शेठनी कागद दिला. कच्ची वही त्यांनी स्वतः नेऊन बॉयलरच्या भट्टीत टाकली. नागाक्का मशीनवरून ओरडली, “झालं का गं आपलं?” मी म्हणाले, “शेठ बघतो म्हणाले.”

शेठनी तिला वेगळी मदत केली नाही. ती दोनदा विचारायला गेली, तेव्हा ते नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, “अक्का, तुमचे दिवस भरत नाहीत. सहा कमी पडतात. कायदाच तसा आहे, मी काय करू?” ती माझ्याकडे आली. मी परीक्षेचं पुस्तक उघडून बसले होते. म्हणाले, “मोजताना काहीतरी घोटाळा झाला असेल, अक्का.” आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर तपासणीचे साहेब आले. माझी रजा पुढच्या सोमवारपासून सुरू व्हायची होती. पॅकिंगच्या हॉलमध्ये त्यांना टेबल-खुर्ची दिली, चहा दिला, लाल वही दिली. असे साहेब दरवर्षी यायचे आणि चहा पिऊन जायचे. बायका मान वर करून बघतसुद्धा नसत. त्या दिवशी मात्र एक मशीन बंद झालं. नागाक्का उठली, अंगावरचे दोरे झटकले, पदर खोचला आणि सरळ टेबलापुढे जाऊन उभी राहिली. अकरा वर्षांत असं कुणीच केलं नव्हतं. हॉलमधली सगळी मशिनं एकेक करून थांबली.

“साहेब, माझी पगारी रजा हाय. ती देत न्हाईत.”

साहेब तरुणच होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट विचारलं, “नाव काय बाई तुमचं?”

तिनं सांगितलं. त्यांनी पान काढलं, बोटानं मोजलं. “दोनशे चौतीस. सहा दिवस कमी आहेत. दोनशे चाळीस पूर्ण लागतात.”

“कमी कशे असतील? मी वर्षात खाडाच केला न्हाई.”

“सदतीस खाडे आहेत इथे.”

“कुणी सांगितलं?”

“वहीत लिहिलंय, बाई.”

नागाक्कानं वहीकडे बघितलं. मग मान वळवून हॉलभर मला शोधलं. “शैला, हिकडं ये. साहेब, हिला वाचू द्या. ही बारावीला हाय. हिनं वाचलेलं खोटं नसतंय.”

मी गेले. शेठ खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मला डोळ्यांनी काही दटावलं वगैरे नाही. त्याची गरज नव्हती. मंजुरीचा कागद माझ्या दप्तरात हॉलतिकिटाच्या शेजारी होता.

मी माझंच अक्षर वाचू लागले. “जानेवारी, दोन. फेब्रुवारी, एक. मार्च, तीन.” प्रत्येक आकड्याला नागाक्का मान हलवायची, नाही म्हणून. “ऑगस्ट. पंचमीच्या आठवड्यात सहा.”

“पंचमीला?” ती थांबली. “पंचमीला माझी पद्मा आलती भिवंडीहून.”

“हो.”

“पर मी कामाला आलते की. सकाळी उठून पुरणाची दिंडं केली आणि आलते. तुला डब्यातनं दिली व्हती. हितंच, त्या गठ्ठ्यावर बसून खाल्लीस न्हवं तू?”

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. साहेब बघत होते. मला ती दिंडं आठवत होती. गूळ डब्याच्या झाकणाला चिकटला होता आणि मी तो बोटानं काढून चाटला होता.

“ते आदल्या वर्षी, अक्का,” मी म्हणाले. “घरी आणून दिली होतीस.”

“आदल्या वर्षी?”

“हो.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रागानं नव्हे. रस्ता चुकल्यावर माणूस चारी बाजूंना बघतं, तशी बघत होती. साहेबांनी विचारलं, “ही वही कुणी लिहिलीय?”

शेठ खांबापासूनच म्हणाले, “आमचे दिवाणजी आजारी आहेत, साहेब. या मुलीनं लिहिली. हुशार आहे.”

नागाक्का माझ्याकडे वळली. “तू लिवलीस?”

“हो.”

तिचा चेहरा एकदम सैल झाला. मी आयुष्यात पुष्कळ काही विसरले, तो चेहरा विसरले नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. ती साहेबांना म्हणाली, “मग बरुबर असंल, साहेब. पोरीनं लिवलंय म्हंजे माझीच चूक. माझं ध्यानच ऱ्हात न्हाई आताशा. रगत कमी झालंय म्हणतोय डॉक्टर.”

“तक्रार नाही म्हणून अंगठा द्या मग.”

तिनं दिला. पदराला बोट पुसत ती मशीनवर जाऊन बसली आणि जाताना मला म्हणाली, “पेपर कधी हाय तुझा? दही-साखर खाऊन जा.”

मी पेपर दिले. तेरा दिवस घरी बसून पगार घेतला. आईला तो शनिवारचा पगार हातात देताना ती दोनदा म्हणाली, “न जाताच?” जूनमध्ये निकाल लागला, एकाहत्तर टक्के. मामा पेढे खाऊन गेला आणि स्थळाचं पुन्हा बोलला नाही. दिवाणजींचा डोळा काही सुधारला नाही, त्यामुळे शेठनी मला गठ्ठ्यांवरून उठवून ऑफिसात बसवलं. पगार थोडा वाढला. नव्या सालच्या कच्ची आणि पक्की दोन्ही वह्या माझ्याकडे आल्या. मी बी.कॉम.ला नाव घातलं.

इकडे नागाक्कानं एक नवीनच सुरू केलं. दोन वाजता मी आले की ती मशीन थांबवून काचेपाशी यायची आणि विचारायची, “माझं आजचं लिवलीस?” मी मान हलवायची. ती म्हणायची, “दाव.” मी वही फिरवून दाखवायची. तिला त्यातलं काही कळायचं नाही, पण ती बघायची आणि मग समाधानानं परत जायची. तिनं ठरवून टाकलं होतं. गेल्या साली आपल्या नादानपणानं खाडे झाले, सहा दिवस कमी पडले म्हणून रजा गेली. या साली एकही होऊ द्यायचा नाही. दोनशे चाळीस भरले की पुढच्या वर्षी पगारी रजा घेऊन ऑपरेशन करायचं.

ती सांगायची तेव्हा बायका तिची थट्टा करायच्या. “नागाक्का परीक्षेला बसलीय.” तीही हसायची.

ऑगस्टमध्ये ती उभी राहताना मशीनला धरायला लागली. ओठ पांढरे दिसायचे. मी एकदा तिला बाजूला घेऊन म्हणाले, “अक्का, आधी ऑपरेशन करून घे. रजेचं नंतर बघू.”

“आणि खाडे पडतील ते? परत गेल्या सालागत व्हायचं.”

“पडू देत.”

“तुला काय जातंय म्हणायला,” ती म्हणाली, पण लाडानं. “तुझे दोनशे बासष्ट भरले. माझं डोकं तुझ्यासारखं न्हाई, मला रोज यावंच लागतंय.”

त्या दिवशी मी शेठकडे गेले. म्हटलं, तिला चौदा दिवस द्या, मी तुमचं आणखी काम करीन, रविवारी येईन. शेठ ताक पीत होते. म्हणाले, “बाळ, दोनशे चौतीस तूच लिहिलेस ना? मग आता मी कशाचे देऊ?” मी परत येऊन खुर्चीत बसले. त्याच क्षणी बाहेर जाऊन तिला सगळं सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी सिव्हिलमध्ये भरती झाली असती, कारण दिवस भरले तरी वहीत फुल्या पडणारच हे कळल्यावर खाड्यांना घाबरायचं काही उरलं नसतं. मी सांगितलं नाही. नोकरी जाईल हे एक कारण. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. ती मला ‘हिनं वाचलेलं खोटं नसतंय’ म्हणाली होती, आणि ते मला गमवायचं नव्हतं. म्हणून मी रोज दुपारी वही फिरवून तिला दाखवत राहिले.

दसरा झाल्यावर एका सकाळी ती मशीनवरच कलंडली. मी कॉलेजात होते. बायकांनी रिक्षात घालून तिला सिव्हिलला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दुखणं पिशवीपुरतं राहिलेलं नाही, वर्षापूर्वी आणायला पाहिजे होतं. भिवंडीहून पद्मा आली.

चौथ्या दिवशी मी गेले. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. जिना चढताना मी ठरवून चढले. आज तिला सगळं सांगायचं. पंचमीची दिंडं, बॉयलरमधली वही, सगळं. आणि काही झालं तरी यापुढे तिच्याशी एकही खोटा शब्द बोलायचा नाही. मनात मी शपथच घेतली होती म्हणा ना.

नागाक्का खिडकीजवळच्या कॉटवर होती. इतकी बारीक झाली होती की चादरीखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. पद्मा पायाशी बसली होती. मला बघितल्यावर नागाक्काचे डोळे उघडले आणि माझं तोंड उघडायच्या आधी तिनंच विचारलं, “किती झाले गं?”

मला कळलं ती काय विचारतेय. पद्मानंही माझ्याकडे बघितलं. बहुतेक ती चार दिवस हेच ऐकत असावी.

मी सदतीस खोट्या फुल्या मारल्या होत्या. भर हॉलमध्ये, सरकारी माणसासमोर खोटं बोलले होते. त्या क्षणी ‘दोनशे चाळीस’ म्हणायला मला काय जड होतं? तिनं निवांत डोळे मिटले असते. पण मी शपथ घेऊन आले होते.

“दोनशे अकरा,” मी म्हणाले.

तिनं मनाशी काहीतरी मोजायचा प्रयत्न केला. जमलं नाही. “मंग किती ऱ्हायले?”

“एकोणतीस.”

“व्हतील की,” ती म्हणाली आणि कोपरावर जोर देऊन उठायला लागली. पद्मानं तिचे खांदे धरले, “अम्मा, पडून ऱ्हा” म्हणून विनवलं, पण तिनं ऐकलं नाही. पाय खाली सोडून ती कॉटखाली चपला चाचपत राहिली.